नीती आधी की आज्ञा आधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धर्म आणि नीती यांची चर्चा निघाली की इस्लामबद्दल एक विधान हमखास केले जाते: तेथे ईश्वराने सांगितले ते चांगले, मना केले ते वाईट, आणि माणसाच्या विवेकाला जागाच नाही. टीकाकारांइतकेच काही श्रद्धाळूही हे ठामपणे सांगतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते. इस्लामी विचारातील एका प्रबळ प्रवाहाची भूमिका याच्या जवळ जाते हे खरे. परंतु ती शतकानुशतके चाललेल्या वादातून घडली आहे आणि तो वाद मुस्लिम पंडितांनीच आपापसांत घातला आहे.

बसरा आणि बगदाद येथे बहरलेल्या मुतझिला या बुद्धिवादी इस्लामी पंथाचे म्हणणे असे, की अन्याय वाईट आहे हे कळण्यासाठी दैवी ग्रंथाची वाट पाहावी लागत नाही; एकही प्रेषित न मानणाऱ्यांनाही ते कळते. त्यांचा पुढचा युक्तिवाद मला फार मार्मिक वाटतो. असत्य हे केवळ ईश्वराने निषिद्ध केले म्हणून वाईट असेल, तर ईश्वराचे वचन सत्य आहे यावर तरी कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा?

याच पंथात घडलेले धर्मपंडित अबुल हसन अल-अशअरी पुढे त्यापासून दूर झाले; सुरुवातीला म्हटलेला प्रबळ प्रवाह तो त्यांचाच. त्यांनी आपले गुरू अल-जुब्बाई यांना तीन भावांविषयी प्रश्न विचारल्याची कथा परंपरेत सांगतात. एक भाऊ पुण्यवान म्हणून मेला, दुसरा पापी म्हणून, तिसरा बालपणीच. आपल्याला पुण्य जोडण्याची संधी का मिळाली नाही, असे धाकट्याने विचारले, तर ‘तू मोठा होऊन पाप केले असतेस, म्हणून तुला लवकर नेले’ असे ईश्वर म्हणेल, हे गुरूंचे उत्तर. मग नरकातला भाऊ ओरडून विचारेल, ‘मलाही लहानपणीच का नेले नाही?’ यावर जुब्बाई निरुत्तर झाले. ईश्वराला मानवी न्यायाच्या मापाने मोजता येत नाही, हा अशअरींचा आग्रह अशा विचारांतून आलेला आहे; त्याला नीतीविषयीची बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल. अशअरींच्याच परंपरेतले पंडित गझाली (१०५८–११११) दाखवून देतात, की राजाची हत्या त्याच्या शत्रूंना चांगली वाटते आणि मित्रांना वाईट. आपण ज्याला विवेक म्हणतो, त्यात स्वार्थ किती मिसळलेला असतो, हा त्यांचा प्रश्न आजही टाळता येत नाही.

समरकंदचे धर्मपंडित मातुरिदी (मृत्यू ९४४) यांनी चांगल्या-वाईटाची जाण बुद्धीला होऊ शकते हे मान्य केले आणि सुन्नींच्या हनफी या मोठ्या विधिपरंपरेत त्यांचेच विचार रुजले. म्हणजे ‘विवेकाला जागा नाही’ हे विधान सुन्नी मुसलमानांच्या फार मोठ्या समुदायाच्या धर्मशास्त्रालाही लागू पडत नाही.

माझी तक्रार मात्र स्वकीयांविषयीही आहे. एखादी गोष्ट जायज (धर्मसंमत) की हराम (निषिद्ध), एवढे विचारून अनेक जण थांबतात. कुराणातील ‘अल-माऊन’ ही सूरह (अध्याय) अवघ्या सात आयतींची (वचनांची) आहे. अनाथाला धुडकावणारा हाच अंतिम न्यायाला खोटे ठरवणारा, असे ती सुरुवातीलाच सांगते. आणि दिखाव्यासाठी नमाज पढून शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही नाकारणाऱ्यांचा धिक्कार करते. धर्मपालनाची चर्चा करणाऱ्यांनी या सात आयतींना फतव्यांइतके तरी स्थान द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक