सर्व्हिसचा वेग आणि पाचवा सेट

पुणे,
रविवार

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. टेनिसमध्ये पुरुषांच्या क्रमवारीत दोनशेवा असलेला खेळाडूही महिलांमधल्या अव्वल खेळाडूला हरवील, मग बक्षिसाची रक्कम सारखी कशासाठी, असे तू विचारले आहेस. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी क्रमवारीत २०३ व्या असलेल्या कार्स्टन ब्राशने सेरेना विल्यम्सला ६-१ आणि तिची बहीण व्हीनसला ६-२ असे एकेका सेटमध्ये हरवले होते. त्यावर बिली जीन किंगने १९७३ मध्ये ह्यूस्टनला माजी पुरुष विजेता बॉबी रिग्जवर मिळवलेल्या विजयाचा दाखला मी देणार नाही, कारण ती २९ वर्षांची होती आणि तो ५५ वर्षांचा. शिवाय त्याच रिग्जने चार महिने आधी महिलांमधली तेव्हाची आघाडीची खेळाडू मार्गारेट कोर्टला ६-२, ६-१ असे सहज नमवले होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, हा फरक सगळ्या खेळात सारखा पसरलेला नाही. तो सर्वाधिक जाणवतो सर्व्हिसमध्ये आणि पायांच्या वेगात. पुरुषांमधल्या जॉन इस्नरची सर्व्हिस ताशी २५३ किलोमीटरपर्यंत गेली. व्हीनसची २००७ च्या अमेरिकन ओपनमध्ये २०८ पर्यंत. कोर्टची लांबी मात्र दोघांनाही तीच, २३.७७ मीटर, आणि जाळेही तेवढ्याच उंचीचे. त्यामुळे महिलांच्या सामन्यात सर्व्हिस परतवायला किंचित अधिक अवधी मिळतो, ती अधिक वेळा भेदली जाते, म्हणजे सर्व्हिस करणारीच तो गेम हरते, आणि ५-२ अशी आघाडीही सुरक्षित वाटत नाही. फोरहँडचे गणित तर वेगळेच आहे: २०२४ ची अमेरिकन ओपन सुरू असताना सबालेंकाच्या फोरहँडचा सरासरी वेग पुरुषांमधल्या अल्काराझ आणि सिनर यांच्यापेक्षाही थोडा जास्त मोजला गेला होता.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या क्लबच्या मातीच्या कोर्टवर राज्य पातळीवर खेळणाऱ्या एका मुलीची सर्व्हिस परतवण्याची संधी मला मिळाली. पहिल्या सर्व्हिसचे सोडच, तिची दुसरी सर्व्हिससुद्धा टप्पा पडताच खांद्याच्या वर उसळली आणि माझी रॅकेट तिच्या खालूनच फिरली. दहा चेंडूंत मी दोनच जाळ्यापलीकडे पोहोचवले. तेव्हापासून 'महिलांचे टेनिस हळू असते' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

बक्षिसाबद्दल मला तुझे म्हणणे मुळीच पटत नाही. २००६ मध्ये विम्बल्डनने पुरुष विजेत्या फेडररला ६,५५,००० पौंड दिले आणि महिला विजेत्या अमेली मोरेस्मोला ६,२५,०००. तीस हजारांचा तो फरक २००७ मध्ये मिटला, आणि त्या वर्षी महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले ते समान रकमेसाठी जाहीरपणे झगडलेल्या व्हीनसनेच. ग्रँड स्लॅम म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात आणि महिला तीनपर्यंत, पण बक्षीस तासांवर ठरत असते, तर सरळ तीन सेटमध्ये जिंकणाऱ्या पुरुषाला पाच सेट झुंजलेल्यापेक्षा कमी द्यावे लागले असते. तशी मागणी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि महिलांना पाच सेट झेपत नाहीत, हे तू कशाच्या आधारावर लिहिलेस? १९८४ ते १९९८ या काळात महिलांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेचा अंतिम सामना पाच सेटचाच असे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला स्टेफी ग्राफने सोळा वर्षांच्या मार्टिना हिंगिसला ६-३, ४-६, ६-०, ४-६, ६-० असे हरवले. हिंगिसच्या पायात गोळे आले होते हे खरे, पण गोळे पाचव्या सेटमध्ये पुरुषांनाही येतात, आणि त्यावरून त्यांना पाच सेट झेपत नाहीत असा निष्कर्ष तू काढत नाहीस. ग्रँड स्लॅममध्ये महिलांनी तीनच सेट खेळावेत, हा नियम त्यांच्या दमावरून नव्हे, तर आयोजकांच्या सोयीने टिकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, पहिला सेट २-६ असा गमावूनही. ते आपण दोघांनी फोनवर बोलत पाहिले होते. ग्राफ-हिंगिसचा सामना मात्र तू पाहिलेला नाहीस. तेवढा चौथा सेट बघ आणि मग मला लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत