स्वसंरक्षणाच्या सरावाचा अर्थ उलगडून दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

स्वसंरक्षणाचे डाव मी वर्षानुवर्षे घोटत आले, पण ते कशासाठी घोटायचे हे आपल्यापूर्वी मला कोणी समजावून सांगितले नव्हते. आधीच्या वर्गांत हा प्रश्न विचारला की ‘करत राहा, आपोआप कळेल’ असे तरी ऐकावे लागे, नाहीतर ‘रस्त्यावर कोणी हात धरला तर हा डाव हमखास चालतो’ अशी ग्वाही मिळे. जोडीदाराने जरा घट्ट धरले की तोच हमखास डाव अडे आणि बोलणी मात्र जोडीदाराला बसत. शंका विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे मानणाऱ्या त्या शिक्षकांचा राग अजूनही मनातून गेलेला नाही.

आपण प्रश्न पूर्ण ऐकून घेतलात, स्वतःचे मनगट माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, ‘सगळा जोर लावून धरा आणि डोळे मिटा.’ आपला हात हलण्याआधीच माझ्या टाचा हलक्या झाल्या, वजन चवड्यांवर आले आणि बोटांतला जोर ओसरला. हात सुटला तो त्यानंतर, अंगठ्याच्या बाजूने, कारण अंगठा आणि बोटे जिथे जुळतात तिथेच पकड कच्ची असते. पण खरे काम तोल गेला तेव्हाच झाले होते. तो क्षण मला नेमका ओळखता येईपर्यंत आपण मनगट पुन्हा पुन्हा पुढे करत राहिलात. ते लाल झाले होते, तरी आपल्या चेहऱ्यावर घाई नव्हती. सर, त्या मनगटाचे ऋण मोठे आहे.

सरावात हल्ला आधी ठरलेला असतो तो अंतर, वेळ आणि तोल यांकडे निवांतपणे लक्ष देता यावे म्हणून, हे मला तेव्हा उमगले. 1882 साली कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी ज्युदोत ठरलेल्या हालचालींचा काता आणि मुक्त सरावाची रांदोरी या दोहोंना स्थान का दिले असावे, हेही मग ध्यानात आले: एकात तत्त्व अंगी मुरवायचे आणि दुसऱ्यात, समोरचा विरोध करत असताना, ते टिकते का हे पारखायचे. 1956 साली सिद्ध झालेल्या कोदोकान गोशिन जुत्सु या स्वसंरक्षणाच्या काताचा पहिला डावसुद्धा दोन्ही हात धरले जाण्याचाच आहे, आणि तो करताना आता माझे लक्ष हातांआधी पायांकडे जाते.

विचारणाऱ्याला कमी न लेखता आपला वेळ आणि आपले शरीर त्याच्या हवाली करणे, हा सज्जनपणा कोणत्याही पट्ट्याच्या रंगावरून ओळखू येत नाही. तो आपल्याकडे आहे आणि मला त्याचा लाभ झाला. आता जोडीदार पकड थोडी थोडी घट्ट करत नेतो. डाव अडला तर त्याला दोष न देता मी पुन्हा माझ्या पावलांपासून सुरुवात करते.

मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी