कारखान्यातल्या डिझाइनवर कोणाची सही असते?

मा. संपादक,

कारखान्यात अपघात झाला की ऑपरेटरची चूक म्हणून रिपोर्ट लिहितात आणि विषय संपतो, पण ती पाइपलाइन, ते मशीन ज्याने डिझाइन केलं तो नोंदणीकृत इंजिनिअर (म्हणजे सरकारी लायसन्स असलेला, चूक केली तर ते जाऊ शकतं असा) होता का, हे कोणी विचारतच नाही.

अमेरिकेत इंजिनिअरचं लायसन्स 1907 पासून आहे, वायोमिंग राज्याने सुरुवात केली, पण तिथेही बऱ्याच राज्यांत कंपनीच्या नोकरीतल्या इंजिनिअरना सूट आहे. त्याने काय होतं ते 13 सप्टेंबर 2018 ला मॅसॅच्युसेट्समधे दिसलं. लॉरेन्स आणि आसपास गॅसची जुनी लाइन बंद करून नवीन जोडायचं काम चालू होतं, प्रेशर बघणाऱ्या सेन्सिंग लाइन मात्र जुन्याच पाइपवर राहिल्या, तो पाइप बंद केल्यावर त्यातलं प्रेशर उतरलं आणि रेग्युलेटरने गॅस कमी पडतोय समजून नव्या लाइनमधे नको इतका गॅस सोडला. घरांमधे आगी, स्फोट, 18 वर्षांचा एक मुलगा गेला. त्या प्लॅनवर नोंदणीकृत इंजिनिअरची सही नव्हती, कारण गॅस कंपन्यांना कायद्यानेच सूट होती!! वर्ष संपायच्या आत तिथला कायदा बदलला.

सही असली म्हणजे झालं असंही नाही. 1981 मधे कॅन्सस सिटीतल्या हॉटेलचे लटकते वॉकवे कोसळून 114 माणसं गेली, तिथे इंजिनिअरचा शिक्का होता. वॉकवे टांगायला अखंड रॉडऐवजी दोन रॉड वापरायचं ठरलं, त्यामुळे वरच्या वॉकवेच्या जोडावर दुप्पट लोड आला, आणि हिशोब कोणी परत केलाच नाही. पण जबाबदार कोण ते ठरलं आणि त्यांची लायसन्सही गेली.

माझ्या मते नोंदणीचा खरा उपयोग अपघाताच्या आधी आहे. प्रॉडक्शन थांबतंय म्हणून मशीनचा सेफ्टी इंटरलॉक (धोका असला की मशीन चालू न देणारी यंत्रणा) बायपास करा असं वरून सांगितलं जातं (हे किती सर्रास चालतं ते शॉपफ्लोरवरच्या कोणालाही विचारा), तेव्हा साधा नोकरदार इंजिनिअर गप्प बसतो. नोंदणी असली तर तो म्हणू शकतो, साहेब मी सही करणार नाही, माझं रजिस्ट्रेशन जाईल.

म्हणून प्रेशर व्हेसल (दाबाखालच्या टाक्या), क्रेन, गॅस, केमिकल प्लांट, जिथे डिझाइन चुकलं तर माणूस मरतो तिथे नोंदणीकृत इंजिनिअरची सही सक्तीची करा, कंपनीच्या आतल्यांना सूट नको, आणि सही नाकारली म्हणून कोणाला कामावरून काढता येणार नाही हेही त्याच कायद्यात लिहा.

आपला,
एक वाचक