मेल अडतंय, त्याबद्दल

पाचपाखाडी, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. लेकीच्या प्रवेशाचं पत्र मेलवर यायचंय आणि तुमच्या ऐरोलीच्या घरात मेल कधी पटकन उघडतं, कधी नुसतं गोल गोल फिरत राहतं. वहिनींचा काळजीतला आवाज मागून ऐकू येत होता. गेल्या पावसाळ्यात हेच मी तीन आठवडे सोसलंय. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मुद्रितं तपासायचं काम तुला माहीत आहे. प्रकाशकाकडून फाइल मेलवर येते, तपासून मेलवरच परत जाते. जुलैत एका पुस्तकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छपाईला जायचा होता आणि मेल उघडेना. बातम्या उघडत होत्या, क्रिकेटचा स्कोअर दिसत होता, फक्त मेलचं पान पांढरं. पाच मिनिटांनी आपोआप उघडायचं, संध्याकाळी पुन्हा अडायचं. दुसऱ्या कंपनीच्या मेलवरही तेच. शेवटी शेजाऱ्यांकडे जाऊन फाइल पाठवली.

पहिली चूक मी ही केली की मुलावर ओरडलो. त्याने ब्राउझरमध्ये दोन-तीन एक्स्टेन्शन, म्हणजे जोडीची छोटी सॉफ्टवेअरं, टाकली होती, मी म्हटलं तुझ्यामुळेच झालं. दुसरी चूक, सगळ्या कुकीज आणि कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या साइटच्या नोंदी, पुसून टाकली. सगळीकडून लॉगआउट झालो, अर्धा दिवस ओटीपी आणि पासवर्डमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी मेल सुरळीत चाललं, म्हणून वाटलं जमलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी चालणारा, कधी अडणारा बिघाड असाच फसवतो, बंड्या. आपण काहीतरी करतो, त्याच वेळी तो योगायोगाने थांबतो, आणि श्रेय भलत्याच उपायाला जातं.

म्हणून तू काहीही पुसू नकोस. आधी इनकॉग्निटो विंडो उघड. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शनही सहसा बंद असतात. तिथेही मेल अडलं, तर कुकीजचा दोष नाही. मग दुसरा ब्राउझर लावून बघ. लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही पाहा. घड्याळ चुकलं की साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिची ओळख पटवणारा दाखला, मुदतीबाहेरचं वाटतं, पण तेव्हा ब्राउझर सरळ इशारा देतो, असा मुका बसत नाही. साइटच्या नावावरून तिचा पत्ता मिळाला नाही, म्हणजे डीएनएसची अडचण असली, तरी बहुधा तसा संदेश येतो.

खरी वाट मुलानेच दाखवली. म्हणाला, ‘बाबा, लॅपटॉप माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा.’ जोडला. दहा वेळा उघडलं, दहाही वेळा मेल आलं. तोच लॅपटॉप, तोच ब्राउझर, तीच एक्स्टेन्शन. म्हणजे दोष घरच्या लाइनीत. त्याच संध्याकाळी मी त्याची माफी मागितली.

मग वही घेतली आणि तारीख, वेळ, साइट, काय झालं असं टिपत गेलो. चार दिवसांनी मागे वळून पाहिलं, तर त्रासाची सुरुवात नव्या राउटरपासून झाली होती. जुना विजेच्या कडकडाटात जळाला, आणि इंटरनेटवाला मुलगा नवा लावून, युजरनेम-पासवर्ड घालून दहा मिनिटांत गेला होता.

आता गाभ्याची गोष्ट. इंटरनेटवर मजकूर लहान लहान पॅकेटांतून येतो. साध्या नेटवर्कमध्ये एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. पण आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनांत राउटर युजरनेम-पासवर्डने लॉगिन करतो, त्याला पीपीपीओई म्हणतात. त्यात प्रत्येक पॅकेटाला आणखी ८ बाइटचं वेष्टन चढतं, म्हणून आत जागा उरते १४९२. राउटरमधल्या या मापाला एमटीयू म्हणतात, आणि माझ्या नव्या राउटरमध्ये ते १५०० राहिलं होतं. मोठं पॅकेट मावत नसलं की ‘लहान करून पाठव’ असा निरोप पाठवणाऱ्याकडे परत जायला हवा. वाटेत कुणी तो निरोप अडवला, तर समोरचा सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो, आणि ते पुन्हा पुन्हा हरवतं. मेलची साइट सुरुवातीलाच आपलं सर्टिफिकेट पाठवते. ते मोठं असतं, म्हणून पहिल्याच पावलाला गाडी अडते.

मग कधी कधी उघडायचं कसं? मोठ्या साइटमागे अनेक सर्व्हर असतात, आणि काही मुळातच लहान पॅकेटं पाठवतात. शिवाय आजचे ब्राउझर काही साइटशी क्विक नावाच्या नव्या पद्धतीने बोलतात. २०२१ मध्ये तिचं मानक ठरलं, आणि तिची पॅकेटं सहसा आटोपशीर असतात. ज्या वेळी जी वाट मिळेल, तसा अनुभव.

तपासायला अगदी सोपं आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग (साइटला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा), मग वजाचं चिन्ह आणि एफ, मग वजाचं चिन्ह आणि एल, मग १४७२ आणि एखाद्या साइटचा पत्ता, सगळं मध्ये जागा सोडून इंग्रजीत लिही. एफ म्हणजे पॅकेट तोडू नकोस. पिंगची स्वतःची २८ बाइट धरली की १५०० होतात. माझ्याकडे उत्तरच आलं नाही. एकेक कमी करत गेलो आणि १४६४ वर उत्तर आलं. १४६४ आणि २८, बरोबर १४९२! रात्रीचा एक वाजला होता, तरी हिला उठवून सांगितलं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर एमटीयूच्या जागी १४९२ लिहिलं, सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं. त्यानंतर आजवर मेल एकदाही अडलं नाही.

तुझा दोष वेगळाही असू शकतो. हॉटस्पॉटवरही मेल अडलं, तर राउटरला हात लावू नकोस. एक्स्टेन्शन एकेक करून बंद कर, मग अँटिव्हायरसमधली सुरक्षित साइट तपासायची सोय थोडा वेळ बंद करून बघ. एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद. आणि हात जोडून सांगतो, नेटवर सापडलेल्या कुठल्याही हेल्पलाइनला फोन करून लॅपटॉपचा ताबा देऊ नकोस. त्यातून खाती रिकामी होतात. प्रवेशाचं पत्र तोवर फोनच्या डेटावर बघत राहा, म्हणजे तारीख चुकणार नाही.

आठवतं, ठाणे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आपण दोघांनी हॉटमेलचं पहिलं खातं उघडलं होतं? पान वरून खाली एकेक ओळ उतरायचं आणि आपण न कंटाळता बघत बसायचो.

पिंगचा आकडा आला की लगेच कळव, रात्र असली तरी. आकडा जमला नाही तर पुढच्या रविवारी ठाणे लोकल पकडून लॅपटॉप घेऊन ये. राउटरचं पान मी फोनवरून सांगेन, लेक घरी बसून बदल करेल. तिला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
आप्पा

ता. क. राउटरमध्ये काही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेव. पीपीपीओईचं युजरनेम चुकून पुसलं गेलं तर लाइनच बंद पडेल.