शैलास, लाल वहीबद्दल

ठाणे,
रविवार रात्र

प्रिय शैला,

आपलं स्टेशन महिनाअखेरीस बंद होतंय. बापूंचा फोन आला होता. ट्रान्समीटर कुठे जाणार, एसी आणि खुर्च्या कोण उचलणार, सगळ्याची यादी झाली म्हणे. मी हार्ड डिस्कचं विचारलं तर गप्पच झाले. मग म्हणाले, "ताई, त्या कुठल्याच यादीत नाहीत." तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. फोन केला असता तर तू "अगं पण" करत मधेच तोडलं असतंस, म्हणून पत्र.

माझी साखर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच.

देशातलं पहिलं खासगी रेडिओ स्टेशन कुठलं, यावरून चहाच्या टपरीवर किती भांडायचो आपण! तू बंगळुरूचं रेडिओ सिटी, ३ जुलै २००१ वर अडून बसायचीस आणि मी मुंबई, २३ जुलै १९२७ सोडायचे नाही. मी आजही सोडत नाही. मुंबईचं केंद्र काढणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगीच होती, शैला. उद्घाटनाला व्हाइसरॉय आयर्विन, महिन्याभराने कलकत्त्याचं दुसरं केंद्र. भांडवल १५ लाखांचं ठरलेलं, जमले ६ लाख, आणि त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभी करण्यातच गेले. रेडिओ ठेवायचा परवाना वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओच्या सामानावर १० टक्के. सगळी मदार परवाने वाढण्यावर. आणि ट्रान्समीटर दीड किलोवॉटचे, शहराबाहेर पुरेसं ऐकूच जायचं नाही, तर परवाने वाढणार कुठून? १९२९ संपेपर्यंत देशभरात ते आठ हजारांनाही पोचले नव्हते. आठ हजार धरले तरी वर्षाचे चौसष्ट हजार होतात. खर्च मात्र महिन्याला ३३ हजार, तो कापून कापून २४ हजारांवर आणलेला. आपल्या सोमवारच्या मीटिंगमध्ये हा हिशोब कुणी मांडला असता तर देशपांडे सरांनी चष्मा काढून नुसतं छताकडे बघितलं असतं!

१ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत गेली. १ एप्रिलला सरकारने केंद्रं ताब्यात घेतली, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तीही बंद करायचं ठरवलं, लोकांनी एवढी ओरड केली की नोव्हेंबरात निर्णय फिरवावा लागला. पुढे १९३६ मध्ये तिथूनच ऑल इंडिया रेडिओ झालं. केंद्र वाचलं गं. पण त्या अडीच-पावणेतीन वर्षांत जे गायले, बोलले, त्यांचं काय? टेप अजून यायची होती. गाणारा गाऊन ट्रामने घरी गेला की संपलं. त्यांचा नाइलाज होता.

आपला काय नाइलाज आहे? हेच मला रात्रभर छळतंय. परवान्याच्या अटीत शेवटच्या तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग जपायचं असतं, त्याआधीचं पुसलं तरी कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडे सकाळी सहाच्या ओव्या आहेत. राधाआजींच्या, मळ्यातल्या त्या दोघी जावांच्या, जात्याच्या घरघरीसकट. तेव्हा तू किती विरोध केलास! "ओव्यांना स्पॉन्सर कोण, जात्याचा कारखाना?" आणि शेवटी पिठाच्या गिरणीवाल्याने स्लॉट घेतला, तेव्हा तूच पेढे वाटलेस. दिवाळीत तीन दिवस ओव्या काढून फटाक्यांच्या जाहिराती लावल्यास ते मात्र मी विसरलेले नाही. पैसे लागतात हे मलाही कळत होतं. पूर्वी खासगी एफएम स्टेशनांनी सरकारला द्यायचं ठरीव परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी चढायचं, त्यात कित्येकांचा दम निघाला. २००५ नंतर ते उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आलं म्हणून तर आपल्यासारख्या लहान गावात स्टेशन निघालं. जाहिरात आणणारी तू नसतीस तर माझ्या ओव्या पहिल्या पावसाळ्यातच बंद पडल्या असत्या.

रोहनचं जर्मनीचं ठरलं का? आईंचा मोतीबिंदू नीट झाला ना? भाऊजींना नमस्कार सांग.

आता मुख्य काम. बापू डिस्क बाहेर काढायला तयार आहेत, पण मालकांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ते रेकॉर्डिंग आपल्या स्टेशनच्या कंपनीचं आहे. मालक तुझा शब्द ऐकतात, माझा नाही. तू पत्र लिही. पैसे मागू नकोस, फक्त प्रत मागायची. दुसरं, डिस्कवर फायलींना नुसते नंबर आहेत. कुठल्या नंबरला कोण गातंय, कुठल्या वाडीची, ओवी कुणाकडून शिकली, ते सगळं तुझ्या त्या लाल वहीत आहे. स्टेशन सोडताना तू ती पिशवीत टाकलीस, मी बघितलंय. वही हरवली तर आवाज राहतील आणि बायका जातील. राधाआजी आता नाहीत. त्यांच्या नातीला मी काय देऊ, फाइल नंबर ४१७?

माळ्यावर बघ. कापडाच्या गाठोड्यांखाली तू कागद ठेवतेस. सापडली की प्रत्येक पानाचा फोटो काढून लगेच पाठव, अक्षर लागलं नाही तर मी विचारीन. मालकांना पत्र मात्र उद्याच टाक, बापूंकडे किल्ली तीस तारखेपर्यंतच आहे.

तुझी,
मंजू