जहाजं द्यायची की रोकड?

प्रिय बाळ्या,

तुझी दोन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही, फार वाईट वाटतं. तब्येत ठीक, गुडघा तसाच. आज लिहायला बसलो ते आपल्या जुन्या भांडणापायी. अण्णांपुढे हा विषय काढला की ते जेवायला उठतात, मग उरलास तूच.

तुझं म्हणणं, इ.स.पू. ४५४ मध्ये डेलियन लीगचा, म्हणजे अथेन्सच्या पुढारपणाखालच्या ग्रीक शहरांच्या संघाचा, खजिना डेलॉस बेटावरून अथेन्सला गेला आणि संघाचं अथेन्सचं साम्राज्य झालं. अरे, तोवर सगळं उरकलं होतं! ४७८-७७ मध्ये पर्शियाविरुद्ध संघ उभा राहिला तेव्हाच अथेन्सच्या ॲरिस्टायडीजनं वाटे पाडले : कुणी जहाजं द्यायची, कुणी पैसे. वर्षाची वर्गणी ४६० टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे ६,००० ड्राक्मा, चांदीची नाणी). शपथ घेताना लोखंडाचे गोळे समुद्रात टाकले. ते वर येतील तेव्हा करार सुटणार, म्हणजे मुदतच नाही.

आता जहाजाचा खर्च मांड. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धनौकेवर, १७० वल्हेकरी, एकूण माणसं सुमारे २००. माणशी रोज एक ड्राक्मा धर, महिन्याचे ६,००० झाले, म्हणजे बरोबर एक टॅलेंट. शिवाय ऐन हंगामात घरदार सोडून लढायला जायचं. संघातली बेटं कंटाळली, म्हणाली रोकड घ्या. अथेन्सचा सेनापती किमॉन यानं आनंदानं घेतली. त्या पैशावर अथेन्सचं आरमार वाढलं, अथेन्सचे वल्हेकरी तरबेज झाले, आणि बेटांकडे ना जहाजं उरली ना सराव. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज यात बेटांचाच दोष काढतो. तू त्याची री ओढतोस, त्याचा मला अजून राग आहे. बाहेर पडायची वाट होती कुठे? नॅक्सॉस बेटानं संघ सोडायचा प्रयत्न केला, अथेन्सचा वेढा पडला. ४६५ मध्ये थॅसॉस बेटाशी वाजलं ते समोरच्या किनाऱ्यावरच्या बाजारपेठा आणि खाण यांवरून. पर्शियाचा त्यात काय संबंध? तिसऱ्या वर्षी ते शरण आले. तट पाडला, जहाजं गेली, खाणही गेली. अजून ४५४ उजाडायचं होतं!

पुढे हिशोब दगडावर चढला, एवढंच. वर्गणीचा साठावा हिस्सा अथेनादेवीचा, आणि कोरलेला आहे तो तेवढाच. शहराच्या नावापुढे १०० ड्राक्मा दिसले की साठानं गुणायचं : एक टॅलेंट. ४२५ मध्ये, स्पार्टाशी युद्ध चालू असताना, एकूण आकारणी १,४०० टॅलेंटांच्या वर नेली.

चिमीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. बदलीचं काय झालं?

आणि सामॉस बेटाचं उत्तर दे. ४४० मध्ये त्यांनी बंड केलं तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची जहाजं होती. नऊ महिने टिकले, मग जहाजं देऊन वर युद्धखर्चही हप्त्यांनी भरला. ज्यांनी आधीच रोकड दिली होती, ते किती दिवस टिकले असते?

तुझा,
विनू