धक्क्यावर मुशी मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना जाहीर आभारपत्र

केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेत शार्क आणि पाकटांवर (चपट्या अंगाचे रे मासे) काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना आणि धक्क्यांवर नोंदी घेणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

शार्कचा विषय निघाला की दोनच आवाज चढतात. एक म्हणतो सरसकट बंदी घाला, दुसरा म्हणतो मच्छिमाराच्या पोटावर पाय देऊ नका. या गलक्यात ‘जात कोणती, लांबी किती, जाळं कुठलं?’ हे विचारत राहिल्याबद्दल तुमचे आभार.

सरसकटपणाचं काय होतं ते २००१ मध्ये दिसलं. जुलैत झाडून सगळ्या शार्क आणि पाकटं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत गेली. टोपलीतून लिलावाला येणारी मुशी, म्हणजे आपली छोटी शार्क, थेट वाघाच्या पंगतीला बसली. किनाऱ्यावरून विरोध झाला आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. त्यात व्हेल शार्क, गंगेतली शार्क आणि करवतमासे राहिले.

आपल्याकडे डोल जाळ्यात येणारी छोटी मुशी एका वेळी साधारण सहा ते अठरा पिल्लं देते आणि लवकर वयात येते. खोल समुद्रातल्या पेलॅजिक थ्रेशर या शार्कला मात्र एका विणीत दोनच पिल्लं होतात. दोघींना एकच नियम लावला तर एकीच्या बाबतीत तो जाचक होतो आणि दुसरीच्या बाबतीत अपुरा पडतो. हे सांगायला सोपं आहे, पण आकड्यांनी दाखवायचं तर लिलाव सुरू होण्याआधी मासा हाताळावा लागतो. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत सरळ रेषेत घ्यायची. टेप अंगाच्या गोलाईवरून फिरवला की आकडा वाढतो. शेपूट कधी वाकवून मोजली, कधी सोडून दिली, तर दोन वर्षांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. नराचे क्लॅस्पर (पोटाखालची जननेंद्रियं) नुसते लांब दिसून भागत नाही. ते कडक झालेत का आणि मुळापाशी वळतात का, ते बघितल्यावरच नर वयात आला असं लिहायचं. वयासाठी मणक्याची पातळ चकती कापून पट्टे मोजतात, पण वर्षाला एकच पट्टा पडतो हे त्या जातीत आधी पडताळावं लागतं. नाहीतर वय चुकतं आणि त्यावर बेतलेली पकडीची मर्यादाही चुकते.

पर (शार्कचे पंख) समुद्रातच कापून घेण्याचा मुद्दा लोकांना क्षुल्लक वाटतो, तो नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने पर अंगाला जोडलेलेच उतरवायचे असं धोरण घेतलं. युरोपात आधी कापलेल्या परांचं वजन शरीराच्या पाच टक्क्यांपर्यंत चालायचं. त्यात पळवाट होती: हे प्रमाण जातीगणिक आणि कापण्याच्या पद्धतीगणिक बदलतं, शिवाय एकीचे पर दुसरीच्या धडाला दाखवता येतात. पर जोडलेले असले की जात ओळखता येते. बर्फात जागा कमी पडते ही तक्रार खरी आहे, पण पर अर्धवट कापून अंगाशी दुमडले की ती बऱ्यापैकी सुटते. फेब्रुवारी २०१५ मध्ये परांची निर्यातही बंद झाली. मांसाचा बाजार मात्र चालूच आहे, आणि मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण खाणाऱ्या कोकणाला हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी तुमच्या संस्थेने शार्कच्या राष्ट्रीय कृती आराखड्यासाठी मार्गदर्शन लिहून काढलं. पुढे २०२२ च्या पनामा परिषदेत रिक्विएम शार्कचं अख्खं कुळ साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, गेलं. आपली मुशीही याच कुळातली. कापलेले तुकडे एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, म्हणून धोक्यातल्या जातींबरोबर त्यांच्यासारख्या दिसणाऱ्याही घेतल्या. याने घरगुती विक्री बंद होत नाही. निर्यातीसाठी मात्र हा व्यापार जातीला मारक नाही, असा शास्त्रीय निर्वाळा लागतो. तो देताना धक्क्यावरच्या त्या वह्याच कामी येतात. ‘शार्क, मिश्र, दोन टोपल्या’ एवढ्या नोंदीवर असा निर्वाळा देता येणार नाही.

एक विनंती आहे. हॅमरहेड शार्क जाळ्यात किंवा गळावर फार लवकर दगावते, त्यामुळे ‘जिवंत सोडा’ एवढाच सल्ला तिथे पुरत नाही. जाळं किती वेळ पाण्यात ठेवावं आणि पिल्लांच्या हंगामात कुठे टाकू नये, हे जातीनिहाय आणि मराठीत, भाऊचा धक्का आणि ससून डॉकवर लावता येईल अशा एका पानावर द्याल का? छपाईचं आणि वाटपाचं आम्ही बघतो.

आपले,
किनाऱ्यावर सागरी संवर्धनाचं काम करणारे आम्ही काही जण